वरणगावचे दोन बगळे

हेमूच्या रंगीत पेन्सिलींच्या बुडाशी खाचा होत्या. लाल पेन्सिलीला एक, हिरवीला दोन, तपकिरीला तीन. ब्लेडनं तिरप्या घातलेल्या, साधारण दोन मिलिमीटर खोल. इतक्या वर्षांत बोटांनी घासून त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. निळी आणि पिवळी कोऱ्या होत्या. त्यांना खाचेची गरज नव्हती.

डिसेंबरातल्या त्या दुपारी तो मान खाली घालून सर गोमाजीची ढाल रंगवत होता. अंगठा पेन्सिलीच्या बुडाशी गेला, एक खाच चाचपली, आणि मगच टोक कागदावर टेकलं. बघणाऱ्याला वाटावं, विचार करतोय.

"ताई, गोमाजीच्या डगल्याला बाह्या नकोत," तो म्हणाला. "आतली चिलखताची जाळी दिसली पाहिजे."

"जाळी कशाची करणार?"

"पोत्याची. वर चंदेरी रंग मारायचा. आप्पा आणतील डबाभर."

"नाटकातल्या पोरींना खाजेल ते."

"शिलेदारांना खाजायलाच पाहिजे. त्याशिवाय का ते सारखे लढायला निघतात?"

आई शिलाईच्या मशिनवर होती. तिनं पायडल थांबवलं. "खाजलं तर रेहानाची आई माझ्या दारात येईल, तुझ्या शिलेदाराच्या नाही. नलू, आतून जुन्या चादरीचं अस्तर लाव गं."

हे १९८८ साल. आम्ही भुसावळच्या रेल्वे कॉलनीत राहत होतो. आप्पा मालगाडीचे ड्रायव्हर. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. मी पंचवीस वर्षांची, प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करून कॉलेजात प्रात्यक्षिकं घेत होते. हेमराज माझ्याहून तीन वर्षांनी लहान. दर एक जानेवारीला रेल्वेच्या हॉलमध्ये कॉलनीतल्या मुलांचा कार्यक्रम व्हायचा, आणि त्या वर्षी हेमूनं आमची शिलेदारांची गोष्ट नाटक म्हणून बसवायला घेतली होती.

गोष्ट जुनी होती. शेजारच्या डिकॉस्टा आंटी कॉलनी सोडून गेल्या तेव्हा मी बारा वर्षांची होते. जाताना त्यांनी आम्हाला एक जाड, वाळवी लागलेलं इंग्रजी पुस्तक दिलं. त्यात ढाली होत्या, शेकड्यांनी. कुणावर सिंह, कुणावर गरूड, कुणावर नुसत्या पट्ट्या. मजकूर आम्हाला कळत नव्हता, पण त्या ढालींना माणसं पाहिजेत हे कळत होतं. ती हेमूनं पुरवली. नाइट म्हणजे शिलेदार असं त्यानंच ठरवलं. तापीकाठी सातबुरूज नावाचा किल्ला आणि त्याच्या रक्षणाला वरणगावचे दोन भाऊ, सर गोमाजी आणि सर अल्फान्सो. अल्फान्सो हे आंटींच्या भावाचं नाव. इतकं भारदस्त नाव वाया जाऊ नये असं हेमूला वाटलं. गोष्ट तो सांगायचा आणि कपडे, शिरस्त्राणं, ढाली, निशाणं मी काढायची. अशा अकरा वह्या झाल्या.

त्या पुस्तकातून मी दोन गोष्टी शिकले. एक म्हणजे, ढालीला नियम असतात. पिवळा आणि पांढरा हे सोनं-चांदी. बाकीचे रंग ते रंग. सोन्यावर चांदी चालत नाही, रंगावर रंग चालत नाही, कारण ढाल लांबून ओळखू आली पाहिजे. चेहरा लोखंडात झाकलेला असतो. आपला कोण आणि परका कोण हे ढालीवरूनच कळायचं, आणि चूक झाली तर मानेवर बेतायचं.

दुसरी गोष्ट हेमूच्या कामाची होती. पुस्तकाची छपाई काळी-पांढरी होती, म्हणून रंग रेषांनी दाखवले होते. उभ्या रेषा म्हणजे तांबडा. आडव्या म्हणजे निळा. तिरप्या म्हणजे हिरवा. आमच्या अकरा वह्यांत प्रत्येक रंगाखाली मी त्या त्या रेषा बारीक मारल्या आहेत. बघणाऱ्यांना ती चित्राची शैली वाटायची.

हेमू तिसरीत होता तेव्हा त्यानं झाड काढलं होतं. खोड हिरवं, पानं तपकिरी. सगळा वर्ग हसला. तो घरी येऊन न्हाणीत जाऊन बसला. मी बाहेरून विचारलं तेव्हा म्हणाला, "मला दोन्ही पेन्सिली एकच दिसतात. आप्पांना सांगू नकोस." मी सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी ब्लेड घेऊन पेन्सिलींना खाचा घातल्या. पुढे एम. एस्सी.ला आनुवंशिकतेचा धडा वाचताना मला मामा आठवला. तो बाजारातून नेहमी कच्चे टोमॅटो आणायचा, आणि घरादारानं त्याची चेष्टा केली होती. म्हणजे हे आईकडून आलं होतं. आईला मी तेही सांगितलं नाही.

आणि आता हेमू असिस्टंट ड्रायव्हरची लेखी परीक्षा पास झाला होता. विभागातून चौदावा. डॉक्टरी तपासणी सहा जानेवारीला. आप्पांनी त्याच्यासाठी ड्रायव्हर लोक गाडीवर नेतात तशी पत्र्याची पेटी आणून ठेवली होती, वर पांढऱ्या रंगात सुबक अक्षरांत 'एच. टी. भारंबे'. त्यांनी स्वतः काढलेली अक्षरं.

"अजून नेमणूक नाही झाली आप्पा," मी म्हटलं होतं.

"डोळे तर माझे आहेत ना पोराचे," आप्पा म्हणाले. "मग काय राहिलं?"

हेमूला ती नोकरी मनापासून हवी होती, हे इथं सांगितलं पाहिजे. आप्पांनी ढकललं म्हणून तो निघाला नव्हता. आवाजावरून इंजिन ओळखायचा. कुठला घाट किती चढाचा, चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर कुठं वाळू सोडावी लागते, हे त्याला आप्पांइतकंच ठाऊक होतं.

नोव्हेंबरात त्यानं मला कॉलेजातून ठिपक्यांचं पुस्तक आणायला सांगितलं. रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेले असतात, ते ओळखायचे. मी आणलं. तीन आठवड्यांत त्यानं सगळी पानं पाठ केली.

"पान सात?"

"चौऱ्याहत्तर."

"दिसतंय का काही?"

"ताई, दिसण्याचा प्रश्न आहे का? चौऱ्याहत्तर आहे की नाही?"

"आहे. पण पुस्तकानंतर अंधाऱ्या खोलीत दिवा दाखवतात. तो कसा पाठ करशील?"

"लाल मला जरा मळका दिसतो. दहातले सात ओळखीन मी."

"आणि राहिलेले तीन?"

त्यानं पुस्तकाचं पान उलटलं. मग म्हणाला, "सिग्नलचे दिवे ठरलेल्या जागी असतात. जागेवरून कळतं."

"गार्डच्या हातातल्या दिव्याची कुठली जागा?"

त्यानं पुस्तक मिटलं आणि माझ्या पिशवीत ठेवलं. "ठरवतो मी. नाटक होऊ दे एकदा. नाटक झालं की ठरवतो."

हे तो दसऱ्यापासून म्हणत होता. दसऱ्याला म्हणाला होता, दिवाळी होऊ दे. दिवाळीत म्हणाला, निकाल लागू दे.

नाटकासाठी कापड आप्पांनी आणलं. फाटून बाद झालेल्या हातझेंड्यांचा एक ढीग, निम्म्या लाल, निम्म्या हिरव्या. आईनं त्या उकळत्या पाण्यात धुतल्या, दांडीवर वाळत घातल्या, आणि त्या बघून मला एकदम सुचलं. गोमाजी आणि अल्फान्सो एकाच घराण्यातले. मग त्यांच्या डगल्यांवर पशू वेगवेगळे कशाला? घराणं एक तर चिन्ह एक. फरक फक्त पार्श्वभूमीचा. पांढरा बगळा, तापीवरचा. गोमाजीचा तांबड्यावर, अल्फान्सोचा हिरव्यावर. पांढरा म्हणजे चांदी, म्हणजे नियमात बसत होतं. मी तिथल्या तिथं बगळा काढला, एक पाय वर घेतलेला, चोचीत मासा.

"छान आहे," हेमू म्हणाला. बगळ्यावरून बोट फिरवत म्हणाला, "आधी गोमाजीला सांबर होतं ना?"

"ते चूक होतं. भावाभावांची चिन्हं अशी वेगळी नसतात. तेव्हा मला कळत नव्हतं."

"बरोबर," तो म्हणाला. "बगळा चांगलाय."

तेरा वर्षं ज्याच्यासाठी रेषा मारल्या त्याच्यासमोर मी एक तांबडा आणि एक हिरवा डगला ठेवत होते, आणि मला पुस्तकाचा नियम दिसत होता, हेमू दिसत नव्हता. लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी, कापड कापून झाल्यावर. तोपर्यंत आईनं एक शिवलाही होता. मग मी शिंप्याचा खडू घेतला आणि तांबड्या डगल्यावर उभ्या रेषा मारल्या, हिरव्यावर तिरप्या. हलक्या हातानं, दहा पावलांवरून जेमतेम दिसतील एवढ्या. हेमूनं येऊन बघितलं आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. त्याची आभार मानायची तीच पद्धत होती.

गोमाजी झाली रेहाना आणि अल्फान्सो झाली कुंदा. दोघी दहा वर्षांच्या, एकाच उंचीच्या, आणि डोक्यावर तेलाचे डबे. डोळ्यांपुरती फट कापलेली. बोलल्या तर दोघींचा आवाज सारखाच घुमायचा. हेमूनं स्वतः किल्ल्याच्या दरवाजावरच्या भालदाराचं काम घेतलं होतं. दाराशी शिलेदार आला की त्याचा डगला बघून मोठ्यानं पुकारायचं, कोण आलंय. गोमाजी आपला. अल्फान्सो शत्रूला फितूर झालेला. भालदारानं पुकारलं की आतली मुलं दार उघडणार किंवा तेल ओतणार.

आप्पांना हे काम फार आवडलं होतं. गाडी चालवताना असिस्टंटनं सिग्नल दिसताच तो मोठ्यानं बोलायचा असतो आणि ड्रायव्हरनं तो परत उच्चारायचा असतो. आयुष्यभर आप्पांनी तेच केलं होतं. "म्हणजे आमचंच काम झालं की," ते म्हणाले. "दिसलं की बोलायचं. पोटात ठेवायचं नाही."

रंगीत तालीम अठ्ठावीस डिसेंबरला सकाळी, आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत होती. आप्पा रात्रीच्या गाडीवरून परत आले होते. आंघोळ करून पायरीवर चहाची बशी घेऊन बसले. मी पोरींना डगले चढवायला घेतले आणि माझे हात थांबले. दोन्ही डगले कोरे करकरीत होते.

"आई, ह्यावरच्या रेषा?"

"कसल्या रेषा?"

"खडूच्या."

"ते होय. मी म्हटलं कापतानाच्या खुणा राहिल्यात. ब्रशनं झटकून इस्त्री मारली. बघ कसे चकाचक निघालेत."

मी खडू शोधला. तो मशिनच्या खणात नव्हता, खिडकीत नव्हता. बाहेर मुलं ओरडत होती. हेमूनं भालदाराचं पागोटं घालून पुकारायला सुरुवातही केली होती.

मी बाहेर आले तोवर पहिला शिलेदार कुंपणाआडून निघाला होता. नाटकात गोमाजी आधी यायचा. पण रेहानाचा डबा कानात अडकला म्हणून कुंदाच पुढे आली, हिरव्या डगल्यात, भाला घेऊन, ऐटीत.

"वरणगावचे सर गोमाजी येत आहेत हो," हेमूनं पुकारलं. "तांबड्यावर पांढरा बगळा. दार उघडा."

मुलं हसली. कुंदा डब्याच्या आत खदखदली.

"अरे, हिरवा आहे तो," आप्पा हसत म्हणाले. "फितुराला आत घेतलंस की रे. नाटक पाठ करू नकोस, बघून बोल. चला, परत."

दोघी कुंपणाआड गेल्या. आत खुसपुस झाली. ह्या वेळी भालदाराला मुद्दाम फसवायचं त्यांनी ठरवलं असणार. कुंपण हललं आणि एक शिलेदार बाहेर आला.

हेमूनं बघितलं. मी त्याच्याकडे बघत होते. त्याची नजर डगल्यावरून पायांकडे गेली. दोघींनी बूट घातले होते, शाळेचे, काळे. मग हातांकडे. हातमोजे मीच शिवले होते. मग परत डगल्यावर. तो रेषा शोधत होता. मी मान हलवून खूण करायला गेले, पण ऊन त्याच्या डोळ्यांवर होतं.

"सर गोमाजी," तो म्हणाला. आवाज ह्या वेळी बारीक झाला होता.

पुन्हा कुंदाच होती.

मुलं ह्या वेळी आणखी मोठ्यानं हसली. त्यांना वाटलं, हा भालदार गंमत करतोय. आप्पा हसले नाहीत. त्यांनी बशी पायरीवर ठेवली. बशी ठेवताना आवाज झाला नाही, इतक्या सावकाश.

"हेमराज," ते म्हणाले. घरात त्याला कुणी हेमराज म्हणत नसे. "काय रंग आहे तो?"

मी मध्ये पडले. "आप्पा, चूक माझी आहे. डगले मीच उलटसुलट दिले. कुंदा गोमाजी आहे. हेमू पात्राप्रमाणे बरोबर बोलला."

"मी नाही गोमाजी," कुंदा डब्यातून म्हणाली. "मी अल्फान्सो आहे, नलूताई. तूच तर माझ्या ओठावर मिश्या काढल्यास."

"आज सकाळी बदललंय," मी म्हटलं. "सांगायचं राहिलं. इकडे या दोघी."

मी खोटं फारसं बोलत नसे, आणि ते बोलताना माझा चेहरा काय सांगतो हे आप्पांना माहीत होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग हेमूकडे. मग त्यांनी बशी परत उचलली.

"मग बदला," ते म्हणाले. "आधी सांगत जा गं. पोराला उगीच बोललो मी."

त्यांचे खांदे सैल झाले. त्यांनी चहाचा घोट घेतला. चहा केव्हाच गार झाला असणार. पोरींनी कुरकुरत डगले काढले, मी एकीचा दुसरीला चढवला. आई दारात येऊन उभी राहिली, हात पदराला पुसत. मुलं परत जागेवर गेली. आता गोमाजीच आधी निघेल, असं मी पोरींना बजावताना हेमूनं ऐकलं होतं. आता तो चुकणार नव्हता. मी त्याला एक तालीम मिळवून दिली होती. तिच्यामागून एक तारखेचं नाटक, आणि नाटकामागून सहा तारीख.

"हं, भालदार," आप्पा म्हणाले. "होऊ दे सुरू."

हेमू उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. लहानपणी न्हाणीच्या दारातून बाहेर आल्यावर बघितलं होतं, तसं काहीसं. मग त्यानं पागोटं काढून रेहानाच्या भाल्यावर अडकवलं आणि म्हणाला, "दोन मिनिटं थांबा रे पोरांनो. पाणी प्या जा."

मुलं नळाकडे पळाली. तो आला आणि आप्पांच्या खालच्या पायरीवर बसला. मी मागे उभी होते, आई दारात होती. त्यानं हाताची बोटं एकमेकांत अडकवली. लांब यार्डात डबे जोडल्याचा आवाज आला. एरवी त्यानं इंजिनाचं नाव सांगितलं असतं.

"तिनं डगले बदलले नव्हते, आप्पा," तो म्हणाला. "ती कुंदाच होती. हिरव्यात."

"मग तू गोमाजी का म्हणालास?"

"मला वाटलं, लाल आहे."

आप्पांनी बशी दोन्ही हातांत धरली होती. "ऊन होतं तोंडावर," ते म्हणाले. "उन्हात होतं असं. माझंही होतं कधी कधी."

"तुमचं होत नाही."

"नाही होत," आप्पा म्हणाले.

"माझं सावलीतही होतं. पहिल्यापासून. ताईनं सांभाळून घेतलं म्हणून कुणाला कळलं नाही. तिला बोलू नका, मीच तिला शपथ घातली होती." त्यानं मान वर केली, आणि ज्या आवाजात तो भालदार होऊन पुकारायचा त्याच स्वच्छ आवाजात म्हणाला, "सहा तारखेला मी दवाखान्यात जाणार नाही आप्पा. मी गाडी चालवणार नाही."